तसदी घेऊ नका

तहमीने खड्ड्यात गुडघ्यांवर बसून बर्फाचे थर चाचपत होती आणि नुस्रत आगा काठावर उभे राहून वाट पाहत होते. वरचा हातभर थर घट्ट होता. बुधवारी पडलेलं बर्फ गुरुवारच्या वाऱ्याने उचलून इकडच्या अंगाला आणून दाबून बसवलं होतं. त्याच्याखाली चार बोटं जाडीचा भुसभुशीत पट्टा लागला. तिने हातमोजा काढून तिथे बोट घातलं, तर रव्यासारखे दाणे भुरभुर खाली आले. मग तिने फावड्याच्या रुंदीएवढा एक खांब कापून मोकळा केला, त्याच्या माथ्यावर फावडं आडवं ठेवलं आणि वर हाताने थापट्या मारल्या. तिसऱ्या थापटीला वरचा अख्खा थर सरकून तिच्या मांडीवर आला.

तिसऱ्याच थापटीला! विसाव्या-पंचविसाव्या थापटीपर्यंत धरला असता तर गोष्ट वेगळी होती. हिवाळी शिबिरात तिच्याकडून घोकून घेतलं होतं की असं दिसलं तर उताराकडे बघायचंसुद्धा नाही, चहा प्यायचा आणि घरी जायचं.

"काय म्हणतंय बर्फ, तहमीने खानम?" नुस्रत आगांनी विचारलं.

आता इथे दुसऱ्या कुठल्या मुलखातली बाई असती, तर म्हणाली असती, "वाईट आहे, परत फिरू." पण तेहरानमध्ये वाढलेल्या माणसाला असं सरळ बोलायची चोरी असते. आमच्याकडे बोलण्याच्या या रिवाजाला तारूफ म्हणतात. स्वतःला खाली ठेवायचं, समोरच्याला वर बसवायचं, 'हो'ला 'नाही'त गुंडाळायचं आणि 'नाही'ला 'हो'त. घरी दिवाणखान्यात ते फार गोड दिसतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. डोंगरावर ती याहून वाईट नात्यातली असते.

"तुमच्यापुढे मी काय सांगणार, आगा?" तहमीने म्हणाली. "माझ्या अल्पमतीला वाटतं, खालचा थर जरा हलका आहे. पण तुमचा जन्म गेला या डोंगरात. तुम्ही ठरवाल ते बरोबरच असणार."

"छे छे, तुम्ही शिकलेल्या. आमचं आपलं पायांचं शिक्षण." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही दमलेल्या दिसता. खालच्या निवाऱ्यात परत जाऊन डाळ-पाल्याची गरम आश प्यायची का? माझी काही ना नाही हं."

तिच्या जिभेवर 'हो' आलं होतं. पण तिला वाटलं, म्हाताऱ्याला आपली दया आली. चाळीशी ओलांडलेली बाई, चढाला धापा टाकते, म्हणून बिचारे स्वतःची चढाई सोडायला निघाले. आणि आज ऐन हिवाळ्यातल्या बहमन महिन्यातला दुसरा शुक्रवार. तीस वर्षं दर वर्षी या शुक्रवारी नुस्रत आगा आपल्या गटाला सियाहसंगच्या शिखरावर घेऊन जात आले होते. गेल्या वसंतात त्यांचा गुडघा बदलला, तेव्हा सगळे म्हणाले होते, संपलं. आज ते पुन्हा उभे होते. त्यांच्या आनंदात आपण माती कालवायची?

"तुमच्या सोबतीत दमणं कसलं!" ती हसून म्हणाली.

"वा!" असं म्हणून ते वळले. जरा घाईनेच वळले, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. तिने खड्डा बुजवला, फावडं पाठीला अडकवलं आणि मागोमाग निघाली. 

एकूण सहा जण होते. पुढे नुस्रत आगा, रेल्वेतून निवृत्त झालेले सर्वेक्षक. त्यांच्या मागे तहमीनेची मुलगी गोलनूश, तेवीस वर्षांची, वास्तुकला शिकणारी. एवढ्या पुढची जागा तिला आज पहिल्यांदा मिळाली होती आणि ती फुलून गेली होती. मग कियुमर्स, तेहरानच्या नार्मक भागातला भटारी, पिठाच्या पोत्यासारखा रुंद आणि तोंडाने अखंड चालू. मग दोघे भाऊ, जे कोणाशीच फारसं बोलत नसत. शेवटी तहमीने, कारण कोणी मागे राहू नये हे पाहणं तिचं काम.

गाडलेल्या माणसाचा पत्ता देणारी यंत्रं गटात तीनच होती. निघताना नुस्रत आगांनी स्वतःच्या छातीवरचं सोडून गोलनूशच्या गळ्यात घातलं होतं. "मला काय करायचंय? माझी हाडं या डोंगराला पाठ आहेत, तो आपणहून परत देईल." सगळे हसले होते. तहमीनेही हसली होती. आता चालताना ते वाक्य तिला सारखं आठवत होतं आणि हसू येत नव्हतं.

वाट खडकांच्या एका कण्यावरून चढत होती. ती धोक्याची नव्हती. पण कण्याच्या बाजूला जिथे जिथे बर्फ साचलं होतं तिथे काठी टेकली की आत पोकळ आवाज यायचा. एका ठिकाणी कियुमर्सचा पाय घसरून बाजूला पडला आणि त्याच्या बुटापासून एक चीर निघून दोन माणसं लांब गेली.

"बघा, माझ्या वजनाला डोंगर वचकतो," कियुमर्स म्हणाला.

"उद्यापासून एक नान कमी खा," गोलनूश पुढून ओरडली.

तहमीनेने चीर पाहिली. वर शिखराच्या कण्यावरून वारा अजून बर्फाची धूळ उडवून पलीकडच्या उतारावर टाकत होता. ऊन वर आलं होतं. प्रत्येक गोष्ट तिला ओरडून एकच सांगत होती आणि ती तोंडाला कुलूप लावून चालत होती. दोनदा तिने हाक मारण्यासाठी तोंड उघडलं. पहिल्यांदा वाटलं, खड्ड्यापाशी 'नाही' म्हणून आता कसं बोलायचं? दुसऱ्यांदा वाटलं, त्यांना काय कळत नाही का? ज्या माणसाने आपल्याला बर्फात पाय टाकायला शिकवलं, नवरा गेला त्या वर्षी दर शुक्रवारी पहाटे दाराशी हॉर्न वाजवून घरातून ओढून बाहेर काढलं, त्याला आपण सगळ्यांदेखत शिकवायचं? तिने तोंड मिटलं.

साडेदहाला ते चादरीपाशी पोचले. खालच्या गावांत त्या उताराला चादर म्हणतात. कण्यापासून पलीकडच्या काळ्या खडकांपर्यंत दीडशे पावलांची सपाट, तिरपी पांढरी जागा. वर काही नाही, खाली घळ. पलीकडच्या खडकांवरून एक वाट शिखराकडे जाते आणि दुसरी उतरून शेजारच्या खोऱ्यात, संगदर गावाला. आज चादर इतकी गुळगुळीत दिसत होती की तिच्यावर पाऊल टाकायला जीव होऊ नये.

"एकेक जण," नुस्रत आगा म्हणाले. "एक पलीकडे पोचला की दुसरा. पहिला मी, मग गोलनूश."

"आगा," तहमीने म्हणाली.  "ऊन चढलंय. म्हणजे, तुम्हाला योग्य वाटत असेल तर..."

"तुमचं काय मत?"

"माझं मत तुमच्या मताबाहेर थोडंच आहे?"

हे शब्द तिच्या तोंडून निघाले, आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. नुस्रत आगांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि चादरीवर पाऊल ठेवलं.

ते हळूहळू गेले. बदललेला गुडघा ते जपून टाकत होते. पन्नास पावलं, ऐंशी, शंभर.  ते पलीकडच्या खडकांपासून दहा पावलांवर असताना आवाज झाला. मोठा नव्हता. कोणी जड गादी जमिनीवर टाकावी तसा बसका, आणि तो कानांनी नाही, तळपायांनी ऐकू आला. अख्खी चादर बोटभर खाली बसली. नुस्रत आगांच्या पावलांच्या वरच्या अंगाला एक काळसर रेघ उमटली आणि सरसर धावत या काठापर्यंत आली.

 चादर सुटली नाही. नुस्रत आगांनी उरलेली दहा पावलं कशी टाकली कोणास ठाऊक, पण ते खडकावर पोचले, वळले आणि त्यांनी हात वर केला. तहमीनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी तोच हात हलवला. या.

गोलनूश पुढे झाली. तिची पाळीच होती. तहमीनेने तिच्या पाठपिशवीचा पट्टा मागून धरला.

"मामान! सगळ्यांसमोर काय हे?"

"एक पाऊल टाकलंस तर बघ."

"ते बोलावतायत! ते काय म्हणतील?"

"म्हणू दे." तिने मुलीला मागे ओढून कियुमर्सच्या अंगावर ढकललं. "हिला धर."

कियुमर्सने धरलं. तहमीने काठावर आली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडली, "आगा! भेग पडली आहे! आम्ही नाही येऊ शकत! तुम्ही संगदरच्या वाटेने उतरा, आम्ही गाडी घेऊन तिकडे येतो!"

वारा पडला होता. शब्द स्वच्छ गेले. नुस्रत आगांनी भेगेकडे पाहिलं, मग या बाजूच्या पाच जणांकडे.

"मी तुम्हाला सोडून जाऊ?" तिकडून आवाज आला. "हे कसं होईल? मी येतो परत!"

तहमीनेने जोरजोरात हात हलवले. "नको, नको! तसदी घेऊ नका!"

आणि तिथेच घोटाळा झाला. 'तसदी घेऊ नका' हे आमच्याकडे कोण कोणाला म्हणत नाही? पाहुणा मिठाई घेऊन आला, तसदी घेऊ नका. शेजारी पिशवी उचलायला धावला, तसदी घेऊ नका. त्यावर उत्तर ठरलेलं, आणि जो ते उत्तर देणार नाही तो गावंढळ.

"तसदी कसली, खानम!" नुस्रत आगा ओरडले. "तुम्ही माझ्या डोळ्यांवर!"

त्यांनी खडकावरून पाय खाली घेतला.

"आगा, कृपा करा, तुमचा जीव..."

"माझा जीव तुमच्यावरून ओवाळून टाकला!" दुसरा पाय. ते आता चादरीवर होते, भेगेच्या बरोबर खाली, छातीवर यंत्र नाही, आणि खाली घळ. ती जितकं गोड बोलेल तितके ते जास्त येणार होते. सभ्य माणूस होता तो. सभ्यपणानेच मरणार होता.

 पुढे जे झालं ते तिने ठरवलं नव्हतं.

"नुस्रत!" ती किंचाळली. नुसतं नाव. सोळा वर्षांत कधी घेतलं नव्हतं. "थांब तिथेच! अक्कल गहाण टाकलीस का, म्हाताऱ्या? गुडघा गेला, नजर गेली, आता आम्हाला घेऊन मरणार आहेस का? माझी पोर पाठवणार होतास यावर! आम्हाला तू नको आहेस! कळलं? कोणालाही नको आहेस! चालता हो!"

डोंगराने ते शब्द दोनदा परत म्हणून दाखवले. मागे कोणीतरी "या खुदा" म्हणालं. गोलनूश रडायला लागली होती.

नुस्रत आगा थांबले. एक पाय पुढे, एक मागे. इतक्या लांबून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि त्याबद्दल तहमीनेने मनातल्या मनात आभार मानले. किती वेळ ते तसे उभे होते? कियुमर्स नंतर म्हणाला, अर्धं मिनिट. तिला विचाराल तर त्या वेळात तिचे केस पांढरे झाले. मग त्यांनी पुढचा पाय उचलला, मागे घेतला, खडकावर चढले. हात केला नाही, वळून पाहिलं नाही. संगदरच्या वाटेने ते कण्याआड गेले.

पाचही जण मागे उतरले. निवाऱ्यापाशी कियुमर्स तिच्या जवळ आला, थर्मासमधला चहा ओतून दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "बरं केलंत, खानम."  गोलनूश चार पावलं दूर उभी राहिली.

"त्यांचा गुडघा," गोलनूश शेवटी म्हणाली. "संगदरची वाट केवढी उभी आहे. एकटे आहेत. तुझं बोलणं घेऊन एकटे उतरतायत. काही झालं म्हणजे?"

 हाच विचार तहमीनेलाही खात होता. चादरीवरून वाचवलं आणि खडकांवर मारलं, असं तर नाही ना? अपमान झालेला माणूस पायाखाली बघत नाही. फोनला तिथे रेंज नाही.

गावातून गाडी वळसा घालून संगदरला पोचायला दीड तास लागला. चहाखाना उघडा होता. मालक चहा उकळणाऱ्या सामोवारपाशी बसला होता. नाही, म्हणाला, वरून कोणी उतरलेलं नाही. त्याने दुर्बीण काढून दिली. अंगणातून चादर दिसत होती.

कियुमर्सने पाहिलं आणि दुर्बीण खाली केली. "आहे जागेवर."

सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. चादर होती तशी होती. तिच्यावर एका माणसाच्या पावलांची रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट, न तुटलेली. दोघा भावांपैकी धाकटा, ज्याने दिवसभरात तोंड उघडलं नव्हतं, म्हणाला, "म्हणजे गेलो असतो तर चाललं असतं."

कोणी त्याला गप्प केलं नाही. तहमीनेला वाटलं, सुटली असती ती चादर तर बरं झालं असतं. मग त्या विचाराची तिला लाज वाटली. बर्फ न सुटण्याने कोणी खरं ठरत नाही, खोटंही ठरत नाही. पण शिवी दिलेली असते ती असतेच.

ऊन समोरच्या डोंगराच्या डोक्यावर चढलं. मालकाने आश आणली, कोणी चमचा लावला नाही. तिने अंगणाच्या दगडी कठड्यावर बसून वाटेवरचं एक वळण नजरेने धरून ठेवलं. सगळ्या इमामांची नावं घेऊन झाली, मग आईचं घेतलं. चारच्या सुमाराला त्या वळणावर काठी दिसली. मग टोपी. मग लंगडत येणारा माणूस.

गोलनूश धावली. तहमीने कठड्यावरच बसून राहिली.

नुस्रत आगा आले, बाकावर बसले, बूट सैल केले. सगळे त्यांच्याभोवती जमले. चहाचा पेला त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"आगा," तहमीने म्हणाली, "मी तुमच्या पायाची धूळ आहे. मला माफ..."

"राहू द्या." आवाज कोरडा होता. "आत्ता नको ते. लागलंय मला. खूप लागलंय. वाटेत दोनदा बसून रडलो, या वयात." त्यांनी पेल्यात पाहिलं. "आणि सांगायचंच तर सगळं सांगतो. मला सकाळीच परतायचं होतं. त्या खड्ड्यापाशीच. तो थर मी वरून पाहिला होता. म्हणून तर तुम्हाला विचारलं, दमलात का."

तहमीने त्यांच्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी म्हणताय."

"मला वाटलं, तुमची इच्छा मोडते. एवढा खड्डा खणला, शिकून आलात, आणि मी म्हातारा घाबरून परत फिरलो तर लोक म्हणतील, गुडघ्यामुळे." ते हसले नाहीत. "परत तिथे चादरीपाशी विचारलं. म्हटलं, आता तरी ही बाई नाही म्हणेल. नाही म्हटलं नाहीत, मग पलीकडून हात हलवला तोही रिवाजानेच."

"मलाही परतायचं होतं," गोलनूश हळूच म्हणाली. "पण तुम्ही पुढची जागा दिली होतीत."

कियुमर्सने कपाळावर हात मारला. "बघा! आणि मी उगाच विनोद करत होतो. चड्डी ओली व्हायची वेळ आली होती माझी." दोघा भावांनीही जमिनीकडे बघत माना डोलावल्या. सहा माणसं, सहाही जणांना घरी जायचं होतं, आणि एकमेकांचा मान राखत सहाही मरणाच्या काठापर्यंत चालत गेली होती.  वरच्या भेगेपेक्षा तहमीनेला आता या बाकावरच्या सभ्यपणाची जास्त भीती वाटली.

मालकाने सामोवारमधून पुन्हा पेले भरले. नुस्रत आगांनी रिवाजाप्रमाणे आभार मानले, "हात दुखू नयेत तुमचे." मग साखरेचा खडा बोटांत धरून ते तहमीनेकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपासून गट तुम्ही न्या, खानम. माझ्यापेक्षा लायक तुम्हीच."

बाकावरच्या प्रत्येकाला पुढचं वाक्य पाठ होतं. तुमची सावली आमच्यावर असताना मी कोण? मग ते पुन्हा आग्रह करणार, ती पुन्हा हात जोडणार, कियुमर्स मध्ये पडून काहीतरी चावट बोलणार, आणि पुढच्या शुक्रवारी पहाटे नुस्रत आगा नेहमीसारखे पुढे चालायला लागणार. गोलनूशने आईकडे पाहिलं.

"नेते मी," तहमीने म्हणाली.

नुस्रत आगांचा हात तोंडापाशी थांबला. त्यांचा चेहरा पडला. क्षणभरच, पण तिने तो पाहिला. ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले होते. तीस वर्षं त्यांची होती ती जागा, आणि त्यांनी 'न्या' म्हटल्याबरोबर तिने ती घेतली होती.  शब्द परत घ्यायला अजून वेळ होता, सगळे त्याचीच वाट पाहत होते. तिने घेतला नाही.

 त्यांनी साखरेचा खडा दातांत धरला आणि चहाचा घोट घेतला.

"आणि मी कुठे चालू?" त्यांनी विचारलं.

"माझ्या मागे," ती म्हणाली.